कलामहर्षी बाबुराव पेंटर आणि रंगभूमीचे पडदे

संगीत रंगभूमीच्या वैभवकाळाविषयी लिहिताना बालगंधर्व, केशवराव भोसले यांच्या गायनाचे कौतुक होते. त्यांच्या पाठीमागील पडदा कोणी रंगविला, हे सहसा कोणी विचारीत नाही. कापडाच्या व्यवसायात आयुष्य गेल्याने मला मात्र त्या पडद्याचेच कुतूहल अधिक.

सन १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात पडदे रंगविण्यात कोल्हापूरचे आनंदराव व बाबुराव मेस्त्री हे बंधू अग्रगण्य होते. बाबुरावांचा जन्म ३ जून १८९० चा. वडील कृष्णराव सुतारकाम, मूर्तिकाम व चित्रकला यांत निष्णात. घर हेच विद्यालय. आनंदराव नात्याने भाऊ आणि कलेतील जोडीदार. मराठी मंडळ्यांप्रमाणेच गुजराती-पारशी कंपन्यांसाठीही दोघांनी पडदे केले. कापडाचे पन्ने जोडून भला मोठा पट शिवायचा आणि त्यावर राजवाडा, रस्ता वा अरण्य असे रंगवायचे की, सपाट कापडावर खोली भासावी व शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही खांब खरा वाटावा. मुक्काम हलला की पडदा गुंडाळून पुढच्या गावी. असे वापरलेले कापड किती वर्षे तग धरणार, हे आम्हा व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. स्वतःचा कॅमेरा बनविण्याची खटपट चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबुरावांनी काम सोडले नाही. कॅमेरा सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ प्रदर्शित केला.

१९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये तर राजवाडे रंगविणारा हा हात झोपडीकडे वळला. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. आपल्या, तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्याने १८७५ साली सावकारांविरुद्धचा उठाव पाहिला होता; कर्जखते जाळली गेली, आणि रोष होता तो मुख्यतः मारवाडी-गुजराती सावकारांवर. आपल्या पेढ्यांवर हा चित्रपट गोड लागला नसता. तरीही शेतकऱ्याचे दुःख इतके सरळ दाखविण्याचे धाडस मला कोणत्याही राजवाड्याच्या पडद्याहून मोलाचे वाटते.

बाबुराव १६ जानेवारी १९५४ रोजी निवर्तले. आनंदरावांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेल्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल मात्र त्यांच्याच हाताखाली घडले होते.