सण, मुक्काम आणि उपचार

कर्करोगाचा उपचार परमुलखात घ्यावा लागला की घरात एक प्रश्न हमखास निघतो: सणाचं काय? दिवाळीला चार दिवस घरी नेऊन आणायचं का, रोजे धरू द्यायचे का, नवरात्राचा उपवास सोडायला सांगायचा का? हा प्रश्न सहसा श्रद्धा विरुद्ध औषध असा मांडला जातो. छत्रपती संभाजीनगरचा आणि एकूण मराठी मुलखाचा इतिहास पाहिला तर ही मांडणी टिकत नाही. इथल्या श्रद्धेने आजाऱ्याला नियमांतून मोकळीक दिली आणि वाटसरूला छप्परही दिलं. उपचार मोडतो तो हक्काचा मुक्काम आणि जवळचं माणूस नसल्यामुळे, असं माझं म्हणणं आहे.

परदेशातल्या उपचाराचा सर्वांत परिचित दाखला मुंबईच्या टाटा घराण्यातला. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांना ल्युकेमिया झाला आणि वेल्समधल्या रुथिन इथल्या शुश्रूषागृहात 1931 साली त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी दोराबजी जर्मनीत बाट किसिंगेन इथे वारले. दोघांनाही इंग्लंडमधल्या ब्रुकवुड दफनभूमीत विसावा मिळाला. पारशी धर्मात दख्म्याची, म्हणजे शांतिमनोऱ्याची, परंपरा असली तरी तिथल्या पारशी समाजाने 19व्या शतकातच ब्रुकवुडला आपली जागा घेऊन ठेवली होती. परमुलखात विधीचं रूप बदललं, पण समाजाने आपल्या माणसाला एकटं सोडलं नाही. या दुःखातून 1932 साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा राहिला आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. ज्यांना विलायत परवडणार नव्हती त्यांच्यासाठी उपचार मुंबईपर्यंत आला.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, माणसाला मात्र तेव्हा परळही परमुलूखच होतं. 1948 पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होतं. मीटर गेजच्या गाडीने मनमाड गाठायचं, तिथे गाडी बदलायची आणि मग मुंबई, हा क्रम तर संस्थान विलीन झाल्यावरही कितीतरी वर्षं चालला. मुंबईत उतरल्यावर पहिली अडचण मुक्कामाची. तिचं उत्तर यात्रेच्या जुन्या रिवाजातून आलं. ज्या गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली, त्यांनीच मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळेची सोय केली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांचा आधार बनली. परळला नाना पालकर स्मृती समिती 1968 सालापासून हेच काम करते. औरंगाबादलाही ही रीत परकी नव्हती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची पाणचक्की हर्सूलकडून नहरीने आलेल्या पाण्यावर फिरायची आणि तिथलं पीठ फकिरांच्या, वाटसरूंच्या पोटात जायचं. वारकऱ्याची धर्मशाळा आणि सूफीचा तकिया या दोन्ही ठिकाणी परगावच्या माणसाची सोय पाहणं हे पुण्याचंच काम मानलं गेलं.

मुक्कामाला इतकं महत्त्व का, हे उपचाराची रीत पाहिली की उमगतं. रेडिएशन, म्हणजे बोलीतली 'लाईट', साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस, पाच ते सात आठवडे चालते. यंत्राखाली काही मिनिटंच जातात, पण ती रोज जावी लागतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबला तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता दिवसाला सुमारे एक टक्क्याने घटते, असं वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे सणासाठी गावी काढलेल्या आठवड्याचा हिशेब थेट जिवाशी भिडतो. शरीरावर यंत्राचा नेम धरण्यासाठी शाईच्या रेघा आखलेल्या असतात. त्या पुसू नयेत म्हणून त्या जागी तेल, उटणं, साबण लावू देत नाहीत. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान ही आपल्याकडची साधी, मायेची गोष्ट, पण इथे तिलाही मुरड घालावी लागते. किमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तेव्हा सणाची गर्दी धोक्याची. तोंडाला लाईट चालू असताना पाण्याचा घोटही न घेता दिवस काढणं तर फारच कठीण.

अशा वेळी धर्म काय सांगतो? कुराणाने आजारी आणि प्रवासी या दोघांनाही रोज्यातून सवलत दिली आहे. राहिलेले रोजे पुढे धरता येतात, आणि ज्याला पुढेही शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालावं, असा मार्ग आहे. हिंदू परंपरेत आपद्धर्म आहेच. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्याच पैठणच्या एकनाथांची कथा घरोघरी सांगतात: रामेश्वराला वाहायला कावडीतून आणलेली गंगा त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. संकल्पापेक्षा समोरचा जीव मोठा, हा त्या कथेचा अर्थ आपण शतकानुशतकं मान्य केला आहे. मग आजारी आईने उपवास सोडला तर पाप कसलं?

यावर पहिला आक्षेप असा की श्रद्धेपायीच रुग्ण अंगारे-धुपाऱ्यांत अडकतात आणि रुग्णालयात उशिरा पोचतात. हे खरं आहे, आणि ते खपवून घेऊ नये. पण त्या फसवणुकीला सर्वांत कठोर शब्दांत झोडपलं ते गाडगे महाराजांनीच, कीर्तनात उभं राहून. दुसरा आक्षेप: सण घरच्यांत गेला तर रुग्णाचं मन उभारी धरतं. तेही खरंच. म्हणूनच घराने रुग्णाकडे जावं. फराळाचा डबा, ईदचा शिरखुर्मा, नातवंडांचा फोन यांना गाडी बदलावी लागत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ही जबाबदारी सरकारची, दानशूरांवर का सोपवायची? उपचाराची जबाबदारी सरकारचीच, आणि उपचार गावाजवळ आणणं हाच खरा उपाय. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय झालं. स्वतः नर्गिस यांना न्यूयॉर्कला उपचार घ्यावे लागले होते. 2012 साली औरंगाबादेत आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. मराठवाड्यातल्या असंख्य घरांची परळची वारी त्यामुळे टळली.

पण हिंगोलीच्या, परभणीच्या, बुलढाण्याच्या माणसाला आता हे शहर परमुलूख आहे. रुग्णाला खाट मिळाली तरी सोबतच्या माणसाने महिना-दीड महिना राहायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. इथे शहरातल्या उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीचं काम सुरू होतं. रेल्वे स्टेशनपासून हा भाग फार लांब नाही. इथे पीर बाजार आहे, गुरुद्वारा आहे, नाथांच्या नावाचं रंगमंदिर आहे. मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि गणेश मंडळं यांनी मिळून सणाच्या दिवसांत चार खोल्या आणि दोन वेळचं जेवण परगावच्या रुग्णांसाठी राखून ठेवलं, तर ते या शहराच्या जुन्या रीतीला धरूनच होईल. आणि ज्यांच्या घरात आज उपचार चालू आहेत त्यांना एवढंच सांगणं: सणाची तारीख कॅलेंडरवर पाहण्याआधी डॉक्टरांकडून उपचाराचं वेळापत्रक मागून घ्या. देव पुढच्या वर्षीही भेटेल, लाईटचा चुकलेला दिवस भरून काढणं सोपं नसतं.