त्रिशुंड गणपती मंदिरावरील गेंडा : एका शिल्पाचा अन्वयार्थ

नगर पाहावयास येणारा प्रवासी प्रथम राजमार्गावरील वास्तूंकडे वळतो. पुण्यात शनिवारवाडा आणि पर्वती पाहिली, म्हणजे पेशवाईचे दर्शन घडले, असा सामान्य समज आहे. परंतु नगराचा इतिहास केवळ सत्ताधीशांच्या वास्तूंत साठलेला नसतो. गल्लीबोळांच्या आडोशाला राहिलेली व प्रथमदर्शनी केवळ विक्षिप्त वाटणारी स्थळे पुष्कळदा अधिक दूरची वार्ता सांगतात. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर अशा स्थळांपैकी एक होय.

नागझरीच्या परिसरातील हे काळ्या पाषाणाचे मंदिर आकाराने लहान आहे. येथील गणेशमूर्ती मयूरारूढ असून तिला तीन सोंडा आहेत. खाली महंतांच्या समाधीचे तळघर असून त्यात पाणी साचते. परंतु सर्वांत विलक्षण आहे ती दर्शनी भिंत. देवदेवता व द्वारपाल यांच्या सान्निध्यात, युरोपीय पेहरावातील शिपाई एका एकशिंगी गेंड्याला साखळदंडाने जखडत आहेत, असे शिल्प तेथे कोरलेले आहे. ज्या प्रदेशात गेंडा आढळत नाही, तेथील देवालयावर हा प्रसंग कोठून आला?

मंदिराचा काळ ठरविण्यास अडचण नाही. भीमगीर गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधकामास आरंभ केला व १७७० मध्ये मंदिर पूर्ण झाले. गर्भगृहात दोन संस्कृत व एक फारसी असे तीन लेख आहेत. त्यांतील एका संस्कृत लेखात रामेश्वराचा उल्लेख असल्यामुळे मूळ संकल्प शिवालयाचा असावा, असे दिसते. गेंड्याच्या शिल्पाविषयी मात्र हे लेख काही सांगत नाहीत.

प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल व आसाम जिंकल्याचे हे रूपक आहे, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. या अर्थाचा पूर्वार्ध ग्राह्य आहे. प्लासीची लढाई १७५७ मध्ये झाली व १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. या दोन्ही घटना बांधकामाच्या काळातच येतात. उत्तरार्ध मात्र टिकत नाही. आसाम कंपनीच्या हाती आला तो १८२६ च्या यांदाबूच्या तहानंतर, म्हणजे मंदिर पूर्ण झाल्यावर छप्पन्न वर्षांनी. गेंडा म्हणजे आसाम हे समीकरण उत्तरकालीन भूगोलाच्या आधारे मागाहून जोडलेले आहे. अठराव्या शतकात बंगालच्या उत्तर भागातही गेंड्यांचा वावर होता, हे या संदर्भात लक्षात घ्यावयास हवे.

बंगालची वार्ता पुण्याच्या पाथरवटापर्यंत पोचली कशी, याचे उत्तर मंदिर बांधणाऱ्यांच्या संप्रदायात शोधावे लागते. दशनामी गोसावी हे केवळ विरक्त नव्हते. सावकारी, व्यापार आणि शस्त्रधारण हेही त्यांचे व्यवसाय होते. तीर्थयात्रेच्या मार्गांवरून त्यांचा माल, हुंड्या व बातम्या उत्तर हिंदुस्थानभर फिरत. बंगालमध्ये तर संन्यासी व फकीर यांच्या टोळ्यांचा कंपनीशी प्रत्यक्ष संघर्ष सुरू झाला होता. १७६३ मध्ये ढाक्याची वखार त्यांनी लुटली. पुढे १७७२ मध्ये कॅप्टन टॉमस मारला गेला व १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने संन्याशांना बंगाल-बिहारमधून हद्दपार करण्याचे फर्मान काढले. या नंतरच्या घटना १७७० पर्यंतच्या शिल्पास पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. तथापि जखडलेल्या गेंड्याकडे पाहणाऱ्या गोसाव्यांना बंगाल हा परका विषय नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. इंग्रजांच्या पूर्वेकडील विस्ताराची जाणीव त्या काळच्या पुण्यात केवळ दरबारापुरती मर्यादित नव्हती. मठ-मंदिरांच्या वर्तुळातही ती पोचली होती, असे मानण्यास हे शिल्प आधार देते. दुसरी गोष्ट पद्धतीची आहे. आडवाटेवरील वैचित्र्य पाहून प्रवाशाने चकित व्हावे, हे स्वाभाविक आहे. अभ्यासकाने मात्र प्रथम त्याचा काळ, मग त्याचा कर्ता आणि शेवटी त्याचा अर्थ, या क्रमाने पुढे जावे. हा क्रम उलटला, की १८२६ चा आसाम १७७० च्या भिंतीवर दिसू लागतो.