दोन खणांची जागा आणि घरची नेमणूक

उतारवयात राहते मोठे घर सोडून लहान जागेत जायचे म्हटले, की मराठी घरावर सुतकी कळा येते. मुलांना चारचौघांत तोंड दाखवायची चोरी होते, नातेवाईक ‘शेवटी बाहेर काढलेच’ म्हणून मोकळे होतात, आणि ज्या जोडप्याने विचार करून हा निर्णय घेतला त्याला तो ज्याला त्याला समजावून सांगत बसावे लागते. पूर्वी माणूस ज्या घरात म्हातारा होई त्याच घरात डोळे मिटी आणि घर लहान करण्याची रीत परदेशातून आली, अशी एक समजूत यामागे आहे. ती खरी नाही. कर्तेपण मुलाच्या हाती देऊन नाशिक, पंढरपूर, काशी अशा ठिकाणी थोडक्या जागेत जाऊन राहण्याची चाल मराठी मुलखात कित्येक पिढ्या होती. तिला क्षेत्रवास म्हणत, आणि त्यात मानहानी आहे असे कोणी मानत नसे. हा मान केवळ धर्माने टिकवला असे मला वाटत नाही. घरून नेमाने येणारा पैसा, म्हणजे नेमणूक, हा त्याचा पाया होता, आणि नेमकी तीच बाजू आपण विसरलो.

अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवंडाचे तोंड दिसले की गृहस्थाने वनात जावे, बायकोला मुलांपाशी ठेवावे किंवा बरोबर न्यावे, असे मनुस्मृती सांगते. पण कलियुगात ज्या गोष्टी करू नयेत त्यांची कलिवर्ज्य म्हणून जी यादी पुढच्या निबंधकारांनी दिली, तिच्यात वानप्रस्थाश्रमही येतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रकरणाची तपशिलाने छाननी केली आहे. वनाची वाट शास्त्रानेच बंद केल्यावर संसारातून बाजूला होऊ पाहणाऱ्याला तीर्थ उरले, असे अनुमान मी यावरून काढतो. प्रयाग, काशी आणि गया यांवरचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ 16 व्या शतकात नारायणभट्टांनी लिहिला. त्यांचे घराणे पैठणहून काशीला गेलेले. 1674 मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नारायणभट्टांचे नातू नीलकंठ यांचा ‘व्यवहारमयूख’ तर पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी वारसा आणि वाटणीच्या दाव्यांत आधाराला घेतला. तीर्थाचे शास्त्र आणि वाटणीचे शास्त्र एकाच घरात लिहिले गेले, यात मला नवल वाटत नाही. म्हातारपणी घर सोडणाऱ्याला दोन्हींची गरज होती.

काशीत दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या आसपास मराठी वस्ती वाढली ती पेशवाईत. नारायण दीक्षित पाटणकरांसारख्या काशीकर मंडळींचा पेशव्यांच्या घराशी निकटचा संबंध होता. पुण्याचा पैसा काशीला पोचवायला हुंडी होती, भाषा समजणारा उपाध्याय होता, आजारी पडल्यास दाराशी येणारे शेजारी होते. इथे येणाऱ्या सामान्य माणसाची जागा म्हणजे कोणाच्या तरी वाड्यातले एकदोन खण. दोन खांबांमधले अंतर तो खण, साधारण पाच-सहा फुटांचा. तेवढ्यात देव्हारा, चूल, पाण्याचा हंडा, सोवळे वाळत घालायची वळणी, पोथी ठेवायचा कोनाडा आणि रात्री पसरायची वळकटी. आयुष्यभर कोठीच्या किल्ल्या कमरेला लावणाऱ्या बाईला सांभाळायला आता दोन पातेली उरत. पण ही चूल तिची स्वतःची होती. सुनेच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात बसण्यापेक्षा ती वेगळी, आणि तिच्यावर काय शिजवायचे हे दुसऱ्याला विचारावे लागत नव्हते. ज्यांची हुंडी येत नसे त्यांना अन्नछत्रे होती; अहिल्याबाई होळकरांनी काशीत आणि इतरत्र केलेल्या दानधर्मात ती येतात.

या चालीचे वजन गोपिकाबाईंच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव पडला, त्याच वर्षी जूनमध्ये पती नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पुढे काही वर्षांतच मुलगा माधवराव आणि त्या यांच्यात बेबनाव झाला आणि शनिवारवाडा सोडून त्या नाशिकजवळ गोदाकाठी गंगापूरला राहायला गेल्या. वय फार नव्हते, चाळिशीच्या आसपास. पण त्या काळच्या विधवेचे उतारवय तिथूनच सुरू होई. नंतर त्या बहुतेक काळ नाशिककडेच राहिल्या आणि 1788 मध्ये तिथेच वारल्या. गंगापूर हे शनिवारवाड्याच्या मानाने खेडेच. तरीही पुण्याच्या कारभाऱ्यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार राहिला, आणि सवाई माधवरावाने कसे वागावे याची सविस्तर शिकवण या आजीनेच लिहून पाठवली. त्यांच्या खर्चाची तजवीज सरकारातून होई. घर लहान झाल्याने त्यांचा अधिकार कमी झाला नाही, कारण नेमणूक बंद झाली नाही. त्यांचे दीर राघोबादादा यांचे उदाहरण राजकारणाचे असले तरी इथे लागू पडते. 1782 च्या सालबाईच्या तहात त्यांची दरमहा 25 हजारांची नेमणूक आकड्यानिशी लिहिली गेली आणि कुठे राहायचे हे निवडायची मुभाही त्यांना मिळाली. ते कोपरगावी राहिले आणि 1783 मध्ये तिथेच वारले. ज्याला राज्यातून दूर करायचे त्याच्याही पोटाचा हिशेब आधी कागदावर येत असे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा धर्माचा मामला होता. काशीत मेल्याने मुक्ती मिळते ही श्रद्धा काढून घेतली तर मागे काय उरते? श्रद्धा खरी होती, ती मी नाकारत नाही. पण ती एकटी माणसाला वीस वर्षे जगवत नाही. शिवाय जाणे सोपे नव्हते. पानिपतावर गेलेल्या भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेला म्हणून हजारो लोक निघाले ते वाटेत संरक्षण मिळावे म्हणून. नाना फडणीसांची आई त्यांतच गेली आणि पानिपतानंतर परतली नाही. बहुसंख्य लोक घरीच राहिले हेही खरे. 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या विष्णुभट गोडसे यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड कोकणात आणली, कारण ते गंगेपर्यंत जाऊ शकत नव्हते. रीत किती जणांना परवडली हा एक प्रश्न आणि समाज तिच्याकडे कोणत्या नजरेने पाही हा दुसरा. माझे म्हणणे दुसऱ्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. क्षेत्रवास म्हणजे पुष्कळदा नकोशा विधवेला दूर लोटण्याची सभ्य युक्ती होती, असे कोणी म्हटले तर ते खोटे म्हणता येणार नाही. वाटणीत जिच्या नावावर काही नाही, तिला ‘देवाधर्माचे करा’ म्हणून पाठवणे सोपे होते, आणि एकदा ती डोळ्यांआड झाली की पैसा थांबवणे त्याहून सोपे. क्षेत्राच्या ठिकाणी भिक्षेवर दिवस काढणाऱ्या बायका यातूनच आल्या. पण या दुःखाचे कारण जागेचा लहानपणा नव्हे. तीच बाई सासरच्या वाड्यात, माजघराच्या अंधारात, तितकीच निराधार असू शकत होती. तिला हवे होते अन्नवस्त्र, आणि ते राहत्या जागेवर अवलंबून नसणे. नेमका हाच मुद्दा 1873 मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर आला. हिंदू विधवेने सासरच्या घरातच राहिले पाहिजे असे नाही. दुराचारासाठी घर सोडलेले नसेल तर वेगळी राहिली म्हणून तिचा अन्नवस्त्राचा हक्क जात नाही, असा निकाल झाला. वेगळ्या चुलीचा हक्क आणि घरच्या पैशाचा हक्क यांची सांगड कायद्याने इतक्या उघडपणे मान्य करणे ही मोठी गोष्ट होती. तिची आठवण आज फारशी निघत नाही, हे मला खटकते.

1870 मध्ये मुंबई-अलाहाबाद रेल्वेमार्ग पूर्ण झाला, 1880 मध्ये मनिऑर्डर सुरू झाली. खरे तर या दोन सोयींनी क्षेत्रवास वाढायला हवा होता. काही काळ सोपा झालाही असेल. पण महिन्यांची वाट दिवसांवर आल्यावर काशी ही जाऊन परत येण्याची जागा झाली. दरम्यान सरकारी नोकराला पेन्शन मिळू लागले, म्हणजे नेमणूक मुलाकडून न येता खजिन्यातून येऊ लागली, आणि अशी माणसे पुण्या-नाशकात बंगली बांधून राहू लागली. ज्यांना पेन्शन नव्हते त्यांच्यासाठी मात्र जुनी रीत मोडली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. त्यांच्याजवळ राहते घर एवढेच, आणि तेही जिवंतपणी मुलाच्या नावे करायचे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा या माणसांसाठी आहे. त्याच्या 23 व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता तो सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. पण त्यासाठी अट घातलेली असावी लागते, आणि बक्षीसपत्र करताना बहुतेक आईवडील ती घालत नाहीत. मुलाकडून दरमहा किती, कोणत्या तारखेला, आपण वेगळ्या जागेत राहायला गेलो तरी मिळणार की नाही, हे लिहून घेणे त्यांना अविश्वासाचे वाटते. पेशव्यांच्या घरात आईची, काकाची, धाकट्या भावाची नेमणूक दफ्तरात लिहिली जाई, आणि लिहिली म्हणून कोणाचे नाते उणे ठरत नसे.