चोर सोडून संन्याशाला

संगणकावरचे खेळ हा पोरांचा विषय. त्याचा इतिहास तो काय लिहायचा, असे कोणी म्हणेल. मीही एके काळी तेच म्हणत असे. परंतु या खेळांची नक्कल रोखण्यासाठी जी कुलपे घडविली गेली, त्यांची हकीकत वाचीत गेलो तसतसा त्यात मला मालकी आणि विश्वास यांचा एक जुनाच झगडा दिसू लागला.

वादाचे मूळ खेळांच्याही आधीचे आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने अमेरिकेतील हौशी संगणकवाल्यांना एक अनावृत पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेकजण आमचे काम चोरून वापरता, असा त्यात सरळ आरोप होता. यंत्राला पैसे मोजावे लागतात हे सर्वांना पटत होते. त्या यंत्राला चालविणाऱ्या लिखाणाचेही दाम द्यावे, हे मात्र पटत नव्हते. गेट्सची तक्रार खोटी होती असे मला वाटत नाही.

पुढे इंग्लंडात घरोघरी छोटे संगणक आले आणि खेळ कॅसेटवर विकले जाऊ लागले. गाण्याची कॅसेट उतरवून घ्यावी तसा खेळही उतरवून घेता येई. मग प्रकाशकांनी युक्त्या काढल्या. कोणी माहितीपुस्तिकेतील अमुक पानावरचा अमुक शब्द विचारी. १९८५ मध्ये स्पेक्ट्रम संगणकासाठी निघालेल्या ‘एलिट’ या खेळाबरोबर प्लॅस्टिकचे एक भिंग येई. पडद्यावरची अक्षरे उभी चिरून विस्कटलेली असत. भिंगातून पाहिले म्हणजे ती जुळत. पण दूरदर्शनसंचाचा पडदा फार लहान वा फार मोठा असला की ती जुळत नसत. आणि सुरुवातीच्या काही डब्यांत तर भलतेच भिंग पडले होते! दाम मोजलेला गिऱ्हाईक दाराबाहेर तिष्ठत राहिला.

ही नुसती गंमत नव्हती. पुढल्या सगळ्या इतिहासाची ती नांदी होती. २००८ साली ‘स्पोअर’ हा खेळ आला तो तीनच संगणकांवर चढविण्याची मुभा घेऊन. विकत घेणाऱ्यांनी संतापून ॲमेझॉनवर निषेधाचे शेरे लिहिले, तेव्हा तिनाचे पाच झाले. इकडे कुलूप तोडलेली प्रत खेळ बाजारात येण्यापूर्वीच फिरू लागली होती. चोराला अट नाही, सावाला मात्र मोजदाद!

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट २०१५ सालची. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक खेळांच्या तबकड्यांवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे. त्याचा एक भाग संगणकाच्या सुरक्षिततेलाच धोका ठरला, म्हणून विंडोज १० ने त्याला थारा दिला नाही आणि जुन्या आवृत्त्यांतही तो त्याच वर्षी बंद केला गेला. परिणामी रीतसर विकत घेतलेल्या तबकड्या मुक्या झाल्या. कुलूप तोडलेल्या प्रती तेवढ्या चालत राहिल्या. उद्याच्या अभ्यासकाला या खेळांचा पुरावा चोरांच्या गाठोड्यात शोधावा लागावा, ही केवढी नामुष्की!

आता दुसरी बाजू. खेळ घडविण्यास शेकडो माणसे वर्षानुवर्षे खपतात, आणि विक्री बहुतांशी पहिल्या काही आठवड्यांत होते. तेवढा काळ दार लावून घेण्याचा त्यांचा हक्क मी नाकारू शकत नाही. किंबहुना अलीकडे काही प्रकाशकांनी त्यातून शहाणपणाची वाट काढली आहे. ‘डूम’ हा खेळ मे २०१६ मध्ये ‘डेनुवो’ या कुलपासह आला आणि डिसेंबरात ते काढून टाकण्यात आले. पोलंडमधील सीडी प्रोजेक्टने तर २००८ पासून बिनकुलपाचे खेळ विकण्याचे दुकानच मांडले, आणि ते चालले.

ग्रंथाच्या स्वामित्वहक्कालाही मुदत असते; ती सरली की ग्रंथ सर्वांचा होतो. कुलपाला मात्र कोणी मुदत घातलेली नाही. कुलूप करणारा निघून जातो, किल्ली हरवते आणि कुलूप तसेच लोंबत राहते. माझे म्हणणे इतकेच, की ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढण्याचा दिवसही ठरवून ठेवावा. चोरासाठी लावलेले दार संन्याशावर कायमचे बंद होऊ नये.