डुगडुगणारा संडास
मंडळी, घरचा कमोड डुगडुगला की बोल्ट आवळायचे, कडेने व्हाईट सिमेंट भरायचं, झालं काम. पण बारामती-इंदापूरकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे आधी पाया बघावा. (आमच्या भाषेत, बग स्क्रीनवर दिसतो तिथे नसतो!)

आपल्याच पुणे जिल्ह्यात, देहूला, १९६० च्या सुमारास डॉ. मापुसकरांनी सरकारी नमुन्याचे संडास बांधवून घेतले. पावसाळ्यात ते कोसळले. गावकरी चिडले. पुन्हा बांधा म्हणून सांगायचं कुठल्या तोंडाने? पण डॉक्टर गाव सोडून गेले नाहीत. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या पद्धतीवरून त्यांनी मैल्यापासून गॅस देणारे संडास उभे केले. त्यावर चक्क स्वयंपाक! पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये, मरणोत्तर.