नाटकाचा तास

नाटक हा महाविद्यालयात शिकविण्याचा विषय आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही काहीशा संशयाने विचारला जातो. मुलगा अभ्यास सांभाळून नाटक करतो म्हटले की आईवडिलांना समाधान वाटते. नाटक हाच त्याचा अभ्यास आहे म्हटले की कपाळाला आठी पडते. इतिहासात मात्र असा एक दीर्घ कालखंड होऊन गेला, ज्यात नाटक अभ्यासाबाहेरचे नव्हते आणि तरीही त्यातून कोणाला नट बनविण्याचा हेतू नव्हता. येशूसंघीयांनी युरोपभर चालविलेल्या विद्यालयांचा तो काळ होय.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या हयातीतच, १५४८ साली, सिसिली बेटावरील मेसिना येथे संघाने बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यालय उघडले. अर्धशतकाच्या अनुभवानंतर १५९९ मध्ये ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही अभ्यासपद्धती सर्व विद्यालयांसाठी मुक्रर झाली. व्याकरणापासून सुरू होणाऱ्या त्या शिक्षणाचा कळस म्हणजे वक्तृत्वाचा वर्ग. पुढे धर्मपीठावर, न्यायालयात किंवा राजदरबारी उभे राहणाऱ्या तरुणाला चारचौघांत नीट बोलता आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. म्हणून वक्तृत्वाच्या शिक्षकाला सांगितले होते की, त्याने अधूनमधून मुलांकडून एखादा संवाद किंवा नाट्यप्रवेश लिहून घ्यावा, त्यातील उत्तम तो निवडावा आणि भूमिका वाटून देऊन वर्गातच सादर करावा; मात्र कोणतेही नेपथ्य न वापरता.

याच ग्रंथात रेक्टरसाठीही एक नियम आहे. शोकांतिका व सुखांतिका लॅटिनमध्येच असाव्यात, त्या क्वचितच व्हाव्यात, विषय पवित्र असावा आणि स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेष रंगमंचावर येऊ नये. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले की लिहिणाऱ्यांची अडचण ध्यानात येते. नाटकाची ताकद त्यांना हवी होती. नाटकाचे वेड नको होते.

वेड लागलेच. ‘क्वचित’ हा शब्द कागदावर राहिला. बक्षीस समारंभ, संतांचे सण, राजपुत्राचे आगमन, प्रत्येक प्रसंगी नाटक हवेच असे होऊन बसले. वर्गातल्या प्रवेशाला पडदे आले, यंत्रे आली, संगीत आले. पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात तर नाटकाच्या अंकांमधून बॅले नृत्ये होऊ लागली. स्त्रीपात्रांचा नियमही सैल झाला, आणि राण्या व हुतात्मा कुमारिका मुलांच्या रूपाने रंगमंचावर वावरू लागल्या. लॅटिन मात्र बहुतेक ठिकाणी टिकली. प्रेक्षकांतील पुष्कळांना ती कळत नसे, म्हणून जर्मन भाषिक प्रदेशांत कथानकाचा सारांश देशी भाषेत छापून वाटण्याची प्रथा पडली. आपल्या मुलाच्या तोंडची भाषा कळत नसताना हातातल्या कागदावर बोट ठेवून नाटक पाहणारे ते आईबाप आपल्याला फार दूरचे वाटत नाहीत.

या परंपरेतील सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे याकोब बिडरमान यांचे ‘सेनोडोक्सस’. १६०२ साली ते आउग्सबुर्गमध्ये व १६०९ साली म्युनिकमध्ये झाले. पॅरिसचा एक विद्वान, दानशूर, सर्वमान्य पंडित. पण त्याच्या प्रत्येक सत्कृत्याच्या मुळाशी अहंकार. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी प्रेत तीनदा उठून बोलते: आपल्यावर आरोप ठेवला गेला, आपला न्याय झाला, आपल्याला शिक्षा झाली. ते ऐकून हादरलेला ब्रुनो सोबत्यांसह एकांतवास पत्करतो. पुढे १६६६ मध्ये बिडरमान यांची नाटके छापली गेली, तेव्हा प्रस्तावनेत लिहिले गेले की, म्युनिकच्या प्रयोगानंतर चौदा दरबारी माणसे आध्यात्मिक साधनेसाठी गेली आणि प्रमुख भूमिका करणारा स्वतः संघात दाखल झाला. ५७ वर्षांनंतरची ही साक्ष नाटककाराच्या बाजूची आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. तथापि विद्यालयातले नाटक कशासाठी, याचे त्या काळचे उत्तर तिच्यात स्पष्ट आहे.

शिकवीत काय असत? म्युनिकचे फादर फ्रान्त्स लांग यांनी आयुष्यभर मुलांची नाटके बसविली. रंगमंचावरील अभिनयाविषयीचा त्यांचा लॅटिन ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७२७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही पावले समांतर ठेवून उभे राहू नये. एक पुढे, एक बाजूला वळलेले असावे. हाताची बोटे कशी वाकवावीत, बोलताना तोंड प्रेक्षकांकडे कसे राहावे, शब्दाच्या आधी हावभाव कसा यावा, हे सारे ते बारकाईने सांगतात. आजच्या नटाला हे कृत्रिम वाटेल. पण पंधरा-सोळा वर्षांच्या बुजऱ्या मुलाला भरल्या सभेत उभे राहायला शिकवायचे, तर सुरुवात पायांपासूनच करावी लागते.

नट घडविण्याचा हेतू नसला तरी रंगभूमीला माणसे येथूनच मिळाली. रूआँच्या विद्यालयात कोर्नेय शिकला, माद्रिदमध्ये काल्देरोन, लुई-ल-ग्रांमध्ये व्हॉल्तेर. पुढे येशूसंघावर सडकून टीका करणाऱ्या व्हॉल्तेरच्या मनात फादर शार्ल पोरे या आपल्या शिक्षकांविषयी आदर होता. याच पोरे यांनी १७३३ मध्ये एका लॅटिन भाषणात विचारले की, रंगभूमी ही नीतीची शाळा होऊ शकते काय? तिच्या स्वभावाने होऊ शकते, आपल्या दोषाने होत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. १७७३ साली येशूसंघच विसर्जित करण्यात आला आणि ही परंपरा खंडित झाली.

१८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली जर्मन येशूसंघीयांनीच स्थापिले, परंतु तोवर काळ बदलला होता. आता विद्यापीठाची परीक्षा होती आणि वक्तृत्वाचा जुना वर्ग नव्हता. आपल्या महाविद्यालयांतून नाटक राहिले ते स्नेहसंमेलनात. तासाला नव्हे, तास सुटल्यावर. ‘अभ्यास सांभाळून’ हा शब्दप्रयोग या व्यवस्थेचे अपत्य आहे, असे मला वाटते.

नाटक पुन्हा तासाला आणणाऱ्यांत एक नाव ठळक आहे. १९२५ साली पुण्यात एका अरब कुटुंबात जन्मलेले इब्राहिम अल्काझी पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्स शाळेत व मुंबईच्या झेवियर्समध्ये शिकले. नाटकाचे रीतसर शिक्षण घ्यायला मात्र त्यांना लंडन गाठावे लागले. १९५९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले आणि १९६२ ते १९७७ अल्काझी त्याचे संचालक होते. तेथे अभिनयाबरोबर नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना हे सगळे अभ्यासाचे विषय झाले. नेपथ्याविना प्रवेश करा, असे सांगणाऱ्या १५९९ च्या नियमापासून हे अंतर मोठेच. हेतूही उलटा झाला: येथे वक्ता नव्हे, रंगकर्मी घडवायचा होता.

अल्काझींच्या त्या वर्गांत मुलांच्या बरोबरीने मुली होत्या. पुण्याहून गेलेल्या रोहिणी हट्टंगडी १९७४ साली तेथून शिकून बाहेर पडल्या, आणि १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबांची भूमिका त्यांनीच केली.