स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधील एक नोंद

एव्हन नदीकाठच्या स्ट्रॅटफर्ड येथील होली ट्रिनिटी या पॅरिश-चर्चच्या दप्तरात शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद (२६ एप्रिल १५६४) लॅटिनमध्ये, तर दफनाची (२५ एप्रिल १६१६) इंग्रजीत आढळते. १५५९ च्या कायद्याने उपासना पुन्हा इंग्रजीत होऊ लागली, तरी दप्तरात लॅटिन टिकून होती. तथापि बाप्तिस्म्याची उपलब्ध नोंद मूळ नव्हे. जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवाव्यात, असा आदेश १५९८ मध्ये निघाला. त्यानुसार झालेली ती नक्कल होय. सबब तारखेपुरती ती प्रमाण मानावी. आडनावाच्या वर्णलेखनावरून अनुमान काढावयाचे झाल्यास मात्र, तो पुरावा १५६४ चा नसून नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या काळाचा आहे, हे भाषाभ्यासकाने ध्यानी ठेवावयास हवे.